तान्हा पोळा आणि आमची चौथीपर्यंतची शाळा
कोणीतरी लिहिलंय की शाळेतले सण म्हणजे नाच, फोटो अन् पालकांचा खर्च. खरंय बरंच, पण आमच्या नागपूरचा तान्हा पोळा त्यात बसत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतात न, तर माझी मुलगी जाते त्या छोट्या शाळेत बाईंनी यंदा रेडिमेड बैल आणायलाच मनाई केली, आठवडाभर आधी मातीचे करायला लावले. पावसाळी हवा, माती काही वाळेना, वाळली तर पाय तडकले, मग कोण्या आजोबांनी सांगितलं तणसाचे (भाताच्या पेंढ्याचे) बारीक तुकडे मिसळा, अन् तडे कमी झाले! विज्ञानाचा धडा झाला की आपोआप. चाकं बाटलीच्या झाकणांची, छिद्र मधोमध नसलं की बैल लंगडतो हे पोरांना स्वतःच कळलं. बोजाऱ्याचे, म्हणजे बैल घेऊन फिरताना घरोघरी मिळालेले पैसे मोजून सगळ्यांत सारखे वाटायचे, त्यात अडीच तास गेले (भांडणं धरून). झडत्या (पोळ्याला मोठ्यानं म्हणायची पारंपरिक कवनं) म्हणताना मात्र एकजात सगळे लाजले. मुलीचा बैल कुत्र्यासारखा दिसतो, तरी टीव्हीवर ठेवलाय.