पहिले शंभर फॉलोअर्स कसे जमले? नाशिकच्या छोट्या व्यावसायिकांसाठी अनुभव धागा

इंदिरानगर, गोधड्या

नमस्कार मंडळी. आम्ही चौघी मिळून गोधड्या शिवतो. गेल्या आठवड्यात एका नव्या उद्योजिकेचा फोन आला. "ताई, इन्स्टावर पेज काढून दोन महिने झाले, सत्तावन्न जण आहेत, त्यातले पन्नास घरचेच. माझं काही चुकतंय का?" तिचा आवाज इतका पडला होता की हा धागा काढायचं मी त्याच रात्री ठरवलं.

दहा हजारांच्या पुढच्या गोष्टी सगळीकडे वाचायला मिळतात. मला हवेत ते पहिले शंभर. ते कोण होते, कशामुळे आले, त्यातले गिऱ्हाईक किती झाले? चुकलेलंही सांगा. आकडा लहान असेल तर तो लपवू नका, तिला तोच उपयोगी पडणार आहे.

सुरुवात माझ्यापासून करते. सहा महिने मी फक्त तयार गोधड्यांचे फोटो टाकत होते. दोरीवर पसरलेली गोधडी, तीच कोचावर, पुन्हा दोरीवर. माझेही पहिले चौतीस नात्यातलेच. मग एक बाई आजीची दोन नऊवारी लुगडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "धुऊ नका हो, अजून वास आहे तिचा." गोधडीचं कापड आधी धुवावंच लागतं, नाहीतर पुढे आटून टाके ओढले जातात. त्यांना तसं समजावलं, पिशवी दोन दिवस तुमच्याकडेच ठेवा म्हटलं, मग घेतली. परवानगी घेऊन पुढचं काम मोबाइलवर टिपलं. काठ उसवणं, जमिनीवर थर अंथरणं, चौघी चार कोपऱ्यांना बसून कडेकडेने आत सरकत घातलेला धावदोरा. चाळीस सेकंद, गाणं नाही, फक्त बांगड्यांचा आणि दोरा ओढल्याचा आवाज.

आठवड्यात सहाशे जण आले. त्यातल्या बऱ्याच जणींचा पहिला निरोप "किंमत किती" असा नव्हता, "माझ्याकडेही आईच्या साड्या आहेत" असा होता. अकरा ऑर्डर आल्या आणि आमच्या हातून महिन्याला चारच होतात. सात जणींना थांबा म्हणून सांगताना जीव वर-खाली झाला होता. दोघी थांबल्या नाहीत, पाच थांबल्या. आता प्रोफाइलवर वरच लिहून ठेवलंय की महिन्याला चार होतात, सध्या अमुक महिन्याचं काम घेतोय.

जुनं नाशिक, तांब्या-पितळेची भांडी

ताई, माझी चूक आधी सांगतो. दुकान आजोबांपासूनचं. पेज काढलं तेव्हा एका एजन्सीवाल्याने पाच हजार फॉलोअर्स करून देतो म्हणून पैसे घेतले. तीन दिवसांत पाच हजार झालेही. वडिलांना दाखवलं, तेही खूश. पण पोस्टला लाइक नऊ. कुठल्या कुठल्या देशांतली नावं, बऱ्याच जणांना फोटोही नाही. नंतर कळलं की आपली पोस्ट आधी आपल्याच थोड्या फॉलोअर्सना दिसते आणि त्यांनी ती बघितली नाही तर ॲप ती पुढे फारशी नेत नाही. म्हणजे खऱ्या माणसांपर्यंत जायची वाट मीच पैसे देऊन बंद केली होती. वर्षभर ढकलाढकल करून ते खातं सोडलं आणि शून्यावरून दुसरं काढलं.

दुसऱ्या खेपेला दुकानापुढे कल्हई चालली होती ती घेतली. पितळेचं पातेलं भट्टीवर चांगलं तापू द्यायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठतो, मग कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. पिवळं पातेलं आतून बघता बघता चांदीसारखं होतं. आमच्या कल्हईवाल्या मामांचा हात इतका सरावलेला आहे की एकच घाव, एकच फिरवणी. व्हिडिओत मी फक्त एवढंच बोललो की आंबट पदार्थ कल्हईशिवाय पितळेत का ठेवू नये. रिॲक्ट होऊन पदार्थ कळकतो, हे आपल्या आज्यांना माहीत होतं, आता सांगावं लागतं.

व्हिडिओ लांबवर गेला, पण दिल्ली-कोलकात्याची माणसं पातेलं घेऊन नाशिकला येणार नाहीत. म्हणून नावातच "नाशिक" घातलं आणि गुगल मॅपवर दुकानाची नोंद नीट केली, वेळ, फोटो, गल्लीची खूण सगळं. त्यानंतर लोक माळ्यावरची भांडी गोणीत घालून आणायला लागले. कल्हईला आलेला माणूस तांब्याचा हंडा बघतोच. आज २,३०० आहेत आणि बरेचसे नाशिक जिल्ह्यातले. मामांना मी व्हिडिओमागे वेगळे पैसे देतो. चेहरा आणि हात त्यांचे आहेत, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

नाशिक रोड, केक

एकच सांगते. बिझनेस खात्याला सगळी गाणी मिळत नाहीत, म्हणून मी कित्येक महिने वैतागले होते. मग स्वतःच बोलायला लागले. "आज क्रीम फाटलं, बघा का फाटलं." त्यावर जितक्या बायका बोलल्या तितक्या आधी कधीच बोलल्या नव्हत्या. पहिले शंभर तिथेच झाले.

दिंडोरी तालुका, द्राक्षबाग

राम राम. आमचं सुरू झालं ते २०२० च्या मार्चमध्ये. माल ऐन तोडणीला आणि लॉकडाऊन लागला. व्यापारी फिरकेना. दोन-दोन किलोच्या पेट्या भरून पिकअप नाशिकच्या सोसायट्यांच्या गेटवर लावली. गेटवर आलेल्या प्रत्येकाचा नंबर वहीत लिहून घेतला. ती वही म्हणजे आमचे पहिले शंभर. तेव्हा इन्स्टाग्राम घरात कोणाला येतही नव्हतं.

पुढच्या हंगामात व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी केली. एका यादीत २५६ नंबर बसतात. यादी भरली, निरोप सोडला, ऑर्डर मात्र मोजक्या. मला वाटलं लोक विसरले. पुतण्याने सांगितलं, "काका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट जातो." एवढी साधी गोष्ट, पण अर्धा हंगाम गेला. तेव्हापासून प्रत्येक पेटीत चिठ्ठी असते: हा नंबर सेव्ह करा, पुढच्या साली पहिली तोडणी तुम्हाला कळवू. ज्याला धंदा गावातल्या आणि शहरातल्या ओळखीवर करायचाय त्याने हे आधी करावं, रील नंतर.

इन्स्टाग्राम आता मुलगी बघते. लोक विचारतात, द्राक्ष तर जानेवारी ते मार्च, बाकीचे महिने टाकायचं काय? अहो, बागेत रिकामा महिना असतो कुठे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, मग फुटवे, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं. शहरातल्या माणसाला वाटतं झाडाला पाणी घातलं की घड लागतो. सगळ्यात जास्त बघितला गेला तो ब्रिक्स, म्हणजे मण्यातली गोडी, मोजण्याचा व्हिडिओ. मणी दाबून एक थेंब काचेवर टाकायचा, नळी डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं, निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठे आली ते वाचायचं. १८ च्या वर गेल्याशिवाय आम्ही पेटी भरत नाही, हे मी रोज तोंडाने सांगत होतो. रेघ दाखवली तेव्हा लोकांना पटलं.

एका साली तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला, मणी तडकले. चाळीस पेट्यांचे पैसे आगाऊ आले होते. पोरगी म्हणाली, व्हिडिओ काढू. माझी तयारी नव्हती, आपलं दुःख कशाला दाखवायचं. पण काढला. तडकलेला घड हातात धरून सांगितलं की या प्लॉटचा माल पेटीत जाणार नाही, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी कळवावं. तिघांनी मागितले, त्याच दिवशी दिले. बाकीचे म्हणाले, पुढच्या साली द्या. एका आजींनी फोन करून फक्त बाग कशी आहे ते विचारलं.

सिडको, ब्लाउज शिवण

काका, तुमचं वाचून डोळे भरून आले. माझं छोटं आहे, ४१२.

आमच्याकडे चेहरा दाखवायला घरून नाही म्हणाले. "शिव हवं तितकं, पण मोबाइलवर तोंड नको." मी वाद घातला नाही. फक्त हात, कात्री आणि टेप दिसेल असा मोबाइल शिलाई मशीनच्या खांबाला रबराने बांधला. पहिला व्हिडिओ अस्तराचा होता. सुती अस्तर रात्रभर भिजवून वाळवून मगच कापायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचं कापड आटत नाही आणि ब्लाउजला चुण्या पडतात. मी शिकले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि एका ताईंचं लग्नातलं ब्लाउज त्यामुळे बिघडलं होतं. ते दुखणं मनात होतं म्हणूनच तो व्हिडिओ केला. शिवणक्लासच्या मुलींनी तो एकमेकींना पाठवला. माझे पहिले शंभर म्हणजे गिऱ्हाइकं नव्हेत, शिकणाऱ्या मुली. गिऱ्हाइकं त्यांच्या आया आणि मावश्या.

घाणेरडे निरोपही आले. नुसते हात दिसतात तरी येतात. नको असलेले शब्द टाकून ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ते शब्द असलेल्या कमेंट आपोआप लपतात. ज्या मुली नव्याने सुरू करतायत त्यांनी पहिल्याच दिवशी ते करावं, रडून झाल्यावर नाही.

वटपौर्णिमेला पूजेच्या ठिकाणी एका काकूंनी सासूबाईंना सांगितलं, "तुमच्या सुनेचा आवाज ओळखला हो मी, किती नीट समजावते." सासूबाई घरी येईपर्यंत गप्प होत्या. मला वाटलं आता बंद करायला सांगतील. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्याशेजारी हुक लावायला बसल्या आणि म्हणाल्या, "हे काजाचं काम मला तुझ्यापेक्षा बरं येतं. घे माझेही हात."

अंबड, लेथ आणि सीएनसी जॉबवर्क

आमच्या धंद्याला हे सगळं लागू नाही असं मी धरून चाललो होतो. पोराने लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, निघणाऱ्या लांब सळसळत्या चिपचा व्हिडिओ टाकला, दोन लाख लोकांनी बघितला. ऑर्डर शून्य. फॉलोअर्स सगळे आयटीआयची मुलं. पण त्यातल्याच दोघांना मी कामावर घेतलं, आणि सध्या चांगला ऑपरेटर मिळणं ऑर्डर मिळण्याइतकंच अवघड आहे. ऑर्डर आल्या त्या यूट्यूबवरच्या साध्या व्हिडिओवरून, ज्यात एकाच लॉटचे दहा पीस मायक्रोमीटरने ओळीने मोजून दाखवले. परचेसवाला माणूस तेच बघतो. फॉलोअर्स १४० सुद्धा नाहीत तिथे.

मखमलाबाद रोड, मिसळ

नाशिककराला रविवारी मिसळ लागतेच, त्यामुळे गर्दीची कमी नव्हती. तरी हौसेने एका फूड व्हिडिओवाल्याला पैसे देऊन बोलावलं. पुढच्या रविवारी अकरालाच तर्री संपली. नव्या लोकांची रांग लागली आणि आमचे रोजचे काका, जे सकाळी पेपर घेऊन येतात, ते उभे राहून परत गेले. त्या आठवड्यात गुगलवर एक-एक ताऱ्याचे चार अभिप्राय पडले आणि ते खरेच होते. नव्यातले पुन्हा किती आले म्हणाल तर हातावर मोजण्याइतके.

आता शनिवारी रात्री मी फक्त स्टेटस टाकतो: उद्या मटकी इतकी भिजवलीय, प्लेटा इतक्या होतील. काकांना आधी फोन करून टेबल ठेवतो. जाहिरात चालवायचीच असेल तर ती फक्त नाशिकपुरती लावा आणि हिशेबात १८ टक्के जीएसटी धरा, मी धरला नव्हता.

देवळाली कॅम्प, दिवाळी फराळ

दिवाळीच्या आदल्या पंधरवड्यात माझं खातं गेलं. ओळखीच्या बाईच्या नावाने निरोप आला, "एका स्पर्धेत मला मत दे, तुला कोड येईल तो सांग." मी चकलीच्या घाण्यावर होते, सांगून टाकला. दहा मिनिटांत खातं माझं राहिलं नाही आणि त्यावरून माझ्याच गिऱ्हाइकांकडे पैसे मागितले गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, सगळ्यांना फोन केले. ज्यांचे नंबर वहीत होते त्यांच्यापर्यंत पोहोचले, बाकीचे हरवले. द्राक्षवाल्या भाऊंची वही वाचली तेव्हा म्हणूनच थांबून पुन्हा वाचली.

आता टू-स्टेप (खात्याला दुसरं कुलूप) सुरू आहे, नंबर कागदावर आहेत. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कोणी पाठवला तरी बँकेत जमा दिसल्याशिवाय डबा हलत नाही. आणि फूड लायसन्सचा चौदा अंकी नंबर वर लिहिला, त्यानंतर अनोळखी लोक बिनधास्त ऑर्डर द्यायला लागले.

येवला, पैठणी

उशिरा लिहितोय, मागावरून उठायला वेळ मिळत नाही. आम्ही दोघं भाऊ विणतो, वहिनी कांड्या भरते.

आमची अडचण वेगळी. मशीनवरची साडी पैठणी म्हणून कमी भावात विकली जाते आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. फोटो टाकून टाकून थकलो, लोक म्हणायचे, "हीच तिकडे निम्म्यात मिळते." एकदा चिडून पदर उलटा केला आणि तसाच व्हिडिओ टाकला. हातमागावर मोर जसा सुलट दिसतो तसाच उलट्या बाजूने दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा तिथल्या तिथे वळवून अडकवलेला असतो. मशीनच्या पदराला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. एवढंच दाखवलं. लोक आपापल्या कपाटातल्या साड्या उलटून बघायला लागले, फोटो पाठवायला लागले, "माझी खरी आहे का?" प्रत्येकाला उत्तर दिलं. खोटी असेल तरी सांभाळून सांगितलं, कारण कोणाच्या लग्नातली असते. आमचे पहिले शंभर ते.

सध्या पुण्याच्या एका मुलीची साडी मागावर आहे, तिच्या आईसाठी. रोज संध्याकाळी जितकं विणलं तितक्याचा फोटो तिला पाठवतो, कधी चार बोटं, कधी वीतभर. ती तो आईला दाखवत नाही, सरप्राइज आहे म्हणते, त्यामुळे पेजवरही टाकलेला नाही. पदरातला दुसरा मोर आज मानेपर्यंत आलाय. उजेड आहे तोवर चोच उरकतो.