तेंदूचे उत्पन्न नाकारणारी ग्रामसभा: 'पुरे' म्हणणे कोणाला परवडते?

धागालेखक:
आर्थिक वाढीच्या पलीकडचा न्याय्य समाज कसा असेल, याची चर्चा आपल्याकडे बहुधा शहरातच होते, म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण मांडतो. वनहक्क कायद्यान्वये २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभा बांबू स्वतः तोडून विकू लागली, पण विडीसाठी तेंदूपाने तोडणे मात्र तिने थांबवले. कोवळा पाला भरपूर फुटावा म्हणून तेंदूची झाडे छाटतात आणि जंगलात आगीही लावतात. छाटणी थांबली की झाड वाढते, त्याला टेंभरे लागतात आणि ती माणसांना व पाखरांनाही खायला मिळतात. हाती येणारा पैसा गावाने विचारपूर्वक सोडला, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रतिसाद १:
निर्णयाचा आदर आहे, पण त्यावरून वाढीशिवाय भागते हा निष्कर्ष मान्य नाही. तेंदूचा हंगाम भर उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर येतो आणि ज्या घरी एक गुंठाही जमीन नाही तिथे याच काही दिवसांच्या मजुरीतून किराण्याची उधारी फिटते. पाचगावला बांबू होता म्हणून तेंदू सोडता आला; ज्या गावाच्या जंगलात बांबू नाही त्याने काय करायचे? शिवाय बांबूचे गिऱ्हाईक बाहेरच्या, वाढणाऱ्या बाजारातच आहे. रोजगार हमीचेही तेच. राज्याच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याला पैशाचा मोठा वाटा मिळाला तो शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून, म्हणजे वाढलेल्या शहरांमधून.

प्रतिसाद २:
व्यवसाय कराचे उदाहरण मला नेमके उलट वाटते. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या राज्यात शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलावा, असे ठरले. ते वाटपाचे धोरण होते, आणि निव्वळ वाढीतून असे वाटप आपोआप होत नाही. बांबूची गोष्टही तशीच. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरचा हक्क मिळाला, तरी बांबू जंगलाबाहेर नेण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्याचे पुस्तक वन खात्याकडून ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडले. जंगल तेच आणि बाजारही तोच होता, फक्त परवान्यावर सही कोणी करायची हे बदलले आणि विक्रीचा पैसा ग्रामसभेकडे येऊ लागला.

प्रतिसाद १:
सहीचे महत्त्व मान्य. पण मेंढा-लेखात निर्णय सर्वसहमतीने होतात, याचे कौतुक करताना सभेत गप्प बसणाऱ्या भूमिहीन बाईची संमती कशी मोजणार, हेही सांगा. मजुरी तिची बुडते. गावातील मुलांना बारावीनंतर शिकायचे असेल, तर तो खर्चही टेंभरांवर निघणार नाही.

धागालेखक:
हा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो आणि माझी मांडणी दुरुस्त करतो. एखादे उत्पन्न सोडण्याआधी ज्यांची मजुरी त्यात बुडणार आहे त्यांची वेगळी बैठक व्हावी, बांबूतोडीच्या कामावर पहिला हक्क त्यांचा असावा आणि उरलेले दिवस रोजगार हमीतून जंगलातच, म्हणजे जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे), रोपवन व बंधाऱ्यांच्या कामावर, भरून निघावेत. ती कामे ग्रामसभेने ठरवावीत आणि मजुरी वेळेवर मिळावी. ती रखडली, तर पुढच्या उन्हाळ्यात तेच घर पुन्हा तेंदू तोडायला निघेल आणि त्याला दोष देता येणार नाही.