अंगभर गोंदणं नवं नाही

"अंगभर टॅटू म्हणजे शहरी पोरांचं फॅड, परदेशाची नक्कल" हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. आमच्या शहाद्याकडे माझ्या आजीचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेले होते. तुळशीवृंदावन, विंचू, भावाचं नाव, मध्ये ठिपक्यांच्या रांगा. हे सगळं एका बैठकीत झालेलं नव्हतं; सारंगखेड्याच्या यात्रेला गेली की एखादी खूण वाढायची. "एवढं कशाला गोंदलंस?" असं विचारलं की म्हणायची, "सोनं आठेच ऱ्हास, गोंदेल संगे येस." म्हणजे सोनं इथेच राहतं, गोंदलेलं सोबत येतं.

दुष्काळात तिच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. गोंदण मात्र तिचंच राहिलं. आज पाचवा-सहावा टॅटू काढणाऱ्या कितीतरी जणांना हेच हवं असतं: कुणालाही काढून घेता येणार नाही असं काहीतरी स्वतःचं.