सांगलीत बर्फ कशाला पाडायचा?

तिसरी घंटा:
परवा इथल्या एका हौशी संस्थेनं अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' मराठीत केलं. बर्फानं वेढलेल्या गेस्टहाउसमधला खून; करोनातला खंड सोडला तर लंडनला १९५२ पासून चालू आहे. तालीम चोख होती. पण नावं मॉली, जाइल्स आणि बर्फ म्हणून खांद्यावर कापूस. पोलीस स्की घेऊन खिडकीत उगवला तेव्हा मागनं कुणीतरी "आला बघ फळ्या घेऊन" म्हणालं, थिएटर हसलं आणि भीती गेली ती गेलीच. हे महाबळेश्वरला का नेलं नाही? धो धो पाऊस, आंबेनळी घाटात दरड, फोन बंद, इंग्रजांच्या काळातला बंगला. हरिपूरच्या देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला, आणि आपण अजून कापूस उडवतोय!

विंगेतून:
देवलांकडे शेक्सपिअरचे वारस हक्क मागायला येणार नव्हते. ख्रिस्तीबाई गेल्या १९७६ ला. आपल्या कायद्यानं लेखकामागे साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०३६ सरेपर्यंत. भाषांतराला परवानगी लागतेच, गाव-माणसं बदलली की रूपांतराची वेगळी. हौशी संस्थेनं नेपथ्याचं भाडं जमवायचं की पत्रव्यवहार करत बसायचं?

तिसरी घंटा:
नाही मिळाली तर स्वतःचं लिहा. बंगला, पाऊस आणि अडकलेली माणसं यांवर कुणाची मालकी नाही.

मिरज जंक्शन:
परवानगी राहू दे. नाटकाचा पायाच तिकडचा आहे. (शेवट फोडत नाही, हे आधीच कळतं.) कोर्टानं तीन भावंडं परक्या शेतकऱ्याकडे सांभाळायला दिलेली, तिथे हाल होऊन एक दगावतं. १९४५ मध्ये इंग्लंडात बारा वर्षांचा एक मुलगा असाच गेला होता, त्यावरनं बाईंना सुचलं. ती पोरं मोठेपणी कशी दिसतात हे कुणालाच माहीत नाही, सगळा खेळ त्यावर. आपल्याकडे पोरकी पोरं मामाकडे नाहीतर चुलत्याकडे जातात. आणि चार अनोळखी माणसं एका खोलीत बसली की पाच मिनिटांत "तुम्ही मूळचे कुठले?" सुरू. दहाव्या मिनिटाला एकमेकांचे पाहुणे, म्हणजे नात्यातलेच निघतात. खुनी दुसऱ्या अंकापर्यंत टिकायचा कसा?

कृष्णाकाठची:
मग त्या चौकशीतच रहस्य ठेवा की! एकजण गाव खोटं सांगतो, आणि "तुमच्याकडची जत्रा कधी असते हो?" विचारल्यावर अडखळतो. मला तर स्कीपेक्षा त्याचीच धास्ती वाटेल.

विट्याचा गडी:
आमाला बर्फच आवडला बगा. म्हातारीला घिऊन गेलतो. खून झाल्यावर म्हणती, "अगं बाई, कुणी गळा काढून रडंना कसं?" समदंच महाबळेश्वरला न्हेलं तर ही गंमत कुठनं यायची? फकस्त कपात च्या घाला. रिकामं कप बशीवर वाजत हुतं, पार मागपातूर ऐकू येत हुतं.

तिसरी घंटा:
बर्फच हवा तर नीट दाखवा. खिडकीबाहेर निळा प्रकाश, दार उघडलं की तेवढ्यापुरता वाऱ्याचा आवाज मोठा, आणि आत येणाऱ्यानं बूट आपटायचे. कापूस लागतच नाही.

विंगेतून:
आपटले होते. खाली सतरंजी होती.