मदत हवी आहे: ब्रुसेल्सच्या जुन्या रेसिंग क्लबच्या मैदानाचे नकाशे

रेसिंग क्लब द ब्रुसेल्स या 1891 च्या हौशी क्लबचा आणि उक्ल भागातल्या त्याच्या मैदानाचा इतिहास नीट जुळवायचा आहे. 1 मे 1904 रोजी बेल्जियम आणि फ्रान्स हे दोन्ही संघ पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना याच मैदानावर खेळले, 3-3 अशी बरोबरी झाली. एवढ्या महत्त्वाच्या जागेची नोंद धड असायलाच हवी!

हवंय ते असं: स्टँडचा मूळ बांधकाम परवाना किंवा आराखडा, आणि त्या काळातला मैदानाचा फोटो. ब्रुसेल्समध्ये राहणाऱ्या कुणाला उक्ल नगरपालिकेच्या दप्तरात चौकशी करता येईल का?

शोधताना दोन गोष्टी सांभाळा. जागेचं फ्रेंच नाव ‘व्हिव्हिए द्वा’, डच नाव ‘दीसडेल’. एकाच भाषेत शोधलं तर अर्धे कागद हाती लागत नाहीत. शिवाय मेखेलेन आणि गेंटमध्येही रेसिंग नावाचे क्लब होते, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका, बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने क्लबला दिलेला नोंदणी क्रमांक पाहा. इथे तो 6. मात्र हे क्रमांक 1926 पासूनचे, त्याआधीच्या कागदांत सापडणार नाहीत. 1963 मध्ये व्हाइट स्टार या दुसऱ्या क्लबशी विलीनीकरण झाल्यावर नव्या क्लबने व्हाइट स्टारचा 47 क्रमांक पुढे चालवला, त्यामुळे 6 शोधत गेलं की माग तिथेच तुटतो.

जुन्या वर्तमानपत्रांसाठी बेल्जियमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘बेल्जिकाप्रेस’ उत्तम आहे. 2 मे 1904 पासूनचे अंक कुणी चाळून देईल का?