मंजुरी, संमती, ना हरकत: जाहीर सूचनेतले शब्द

प्रश्न: आमच्या भागात खाण प्रकल्प येऊ घातलाय. पेपरातल्या सूचनेत ‘पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी’ असा शब्द आहे, गावात सगळे ‘एनओसी’ म्हणतात आणि प्रकल्पाचे लोक ‘प्रदूषण मंडळाची संमती’ म्हणतात. तिन्ही एकच का?

उत्तर: नाही. तिन्हींचे कायदे वेगळे आणि देणारेही वेगळे.

पूर्वमंजुरी येते १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेतून, आणि तिचं मूळ १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्यात आहे. ‘अ’ गटातल्या प्रकल्पांना ती केंद्र देतं, ‘ब’ गटाला राज्यस्तरीय प्राधिकरण. यातला ‘पूर्व’ नीट वाचा. जमीन ताब्यात घेणं आणि कुंपणासारखी ती राखण्याची कामं सोडून बाकी कुठलंही काम, अगदी जमीन सपाट करणंसुद्धा, मंजुरीआधी चालत नाही. पेपरवाले बातमीत नुसतं ‘पर्यावरण मंजुरी’ छापतात आणि नेमका तो ‘पूर्व’ गाळतात.

संमती देतं राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, १९७४ चा पाण्याचा आणि १९८१ चा हवेचा कायदा यांखाली. ती दोन प्रकारची, आधी उभारणीसाठी आणि मग चालवण्यासाठी; पूर्वमंजुरी मिळालेल्या उद्योगांना मात्र २०२४ पासून उभारणीची वेगळी लागत नाही. ना हरकत दाखला, म्हणजेच एनओसी, ही तिसरी गोष्ट. ग्रामपंचायतीने तो दिला म्हणून पूर्वमंजुरी मिळाली असं होत नाही. ‘एनओसी झालीय, आता बोलून काय उपयोग’ असं कुणी म्हणालं, तर कुठल्या कार्यालयाची, कुठल्या कायद्याखालची, हे विचारायलाच हवं.

आता ‘जनसुनावणी’, म्हणजे पूर्वमंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायची सभा. या शब्दाचा सगळ्यात जास्त गैरवापर होतो. ‘जनसुनावणीत प्रकल्पाला मंजुरी’ असे मथळे मी कितीदा वाचलेत, आणि दर वेळी चीड येते. जनसुनावणीत मंजुरी मिळतच नाही! तिथे मतदान नसतं, गणपूर्तीची अट नसते. प्रदूषण मंडळ ती भरवतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात आणि निदान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचा जो अहवाल असतो, त्याचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध हवा. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रकल्पवाल्याला विचारायचा हक्क आहे. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा तिथल्या तिथे स्थानिक भाषेत वाचून, समजावून सांगायचा असतो आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची असते. लोक भाषणं झाली की उठून जातात. जाऊ नका, खरं काम त्या वाचनात आहे. तुम्ही विहिरींच्या पाण्याबद्दल विचारलं आणि कागदावर ‘ग्रामस्थांनी रोजगाराची मागणी केली’ एवढंच उतरलं, तर ते दुरुस्त करून घ्यायची वेळ तीच.

‘आघात’, ‘परिणाम’, ‘प्रभाव’ ही तिन्ही रूपं अशा अहवालांत सापडतात, त्यांच्या अर्थामध्ये फरक नाही. मी ‘परिणाम’ वापरतो, कारण सभेत तो सगळ्यांना लगेच कळतो.

पुरवणी प्रश्न: आमच्या शहराची विकास योजना प्रसिद्ध झालीय. ‘हरकती व सूचना’ मागवल्यात. ही पण जनसुनावणीच ना?

उत्तर: हा रस्ता पूर्ण वेगळा आहे. इथे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम लागू होतो. प्रारूप योजना कलम २६ खाली प्रसिद्ध होते, आणि सूचनेत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यायची असते. मग नियोजन समिती हरकती-सूचना देणाऱ्यांना ऐकून घेते. खाणीच्या जनसुनावणीत आयत्या वेळी उभं राहून बोलता येतं. इथे आधी कागद दिला नसेल तर समितीपुढे उभं राहायला आधारच उरत नाही.

या योजनेत ‘आरक्षण’ आणि ‘झोन’ यांची सर्रास गल्लत होते. झोन म्हणजे विभाग: रहिवास, शेती, ना विकास वगैरे. जमीन तुमचीच राहते, वापरावर मर्यादा येते. आरक्षण म्हणजे ती विशिष्ट जागा शाळेसाठी, बागेसाठी, रस्त्यासाठी राखली, पुढे ती संपादन व्हायची. अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत तसं झालं नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. ‘व्यपगत’ म्हणजे आपोआप संपलेलं, कुणी रद्द केलेलं नव्हे. यात नोटीस महत्त्वाची: नुसती १० वर्षं उलटली म्हणून काही सुटत नाही. बागेचं आरक्षण असं सुटतं तेव्हा मालकाची जमीन मोकळी होते आणि वस्तीची बाग जाते, म्हणून या शब्दावर शेजाऱ्यांनीही लक्ष ठेवायला हवं.

हरकतीच्या अर्जात ‘आमचा विकासाला विरोध नाही, परंतु’ अशी प्रस्तावना नको. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशावरचा आरक्षण क्रमांक, काय बदल हवा आणि का, एवढं लिहा. खाली ‘मला समक्ष सुनावणीची संधी मिळावी’ हे वाक्य घाला, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.