मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन (मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन) जाम झालंय, आत गंज दिसतोय, मदत हवी आहे

घिरटी: सीझन संपल्यावर इंजिन नीट पुसून डब्यात ठेवलेलं, आज काढलं तर प्रॉपेलर हलतच नाही, मागचं झाकण उघडलं तर बेअरिंगवर लालसर ठिपके. रविवारी उडवायचंय. काय लावू, लवकर सांगा.

नटबोल्ट: टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? इंधनात एरंडेल होतं की सिंथेटिक तेल? आणि जोर लावून फिरवू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल.

घिरटी: टू स्ट्रोकच, ४६ साइझ (०.४६ घनइंच). एरंडेल. टाकी रिकामी केली होती हो.

नटबोल्ट: टाकी केलीत, इंजिनात राहिलं त्याचं काय? इंधनातलं मिथेनॉल हवेतली ओल खेचतं, ती बेअरिंगमध्ये बसते. शेवटच्या फ्लाइटनंतर इंधनाची नळी चिमटीत दाबून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं असतं.

वीजवाला: इलेक्ट्रिक ब्रशलेस मोटर बसवा, ही कटकटच नाही. मी ४ वर्षांपूर्वी बदललं.

फवारा: मी पाणी हटवणारा स्प्रे मारून ठेवतो, आजवर गंज नाही.

जुनाखोड: तो स्प्रे ओल काढायला ठीक, पण मागे राहणारा थर फार पातळ, महिनोन्महिने टिकत नाही. ठेवताना कार्बोरेटर आणि प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइल (ठेवणीच्या काळात गंज रोखणारं तेल) सोडून हाताने फिरवायचं. घिरटी, जाम बहुतेक सुकलेल्या एरंडेलामुळे आहे, डिंकासारखं होतं ते. प्लग काढा, हेअर ड्रायरने सिलिंडर तापवा, मग हलकेच फिरवा.

फवारा: मी तर गिअरबॉक्सचं लाल ऑइलही वापरलंय, स्वस्त पडतं.

नटबोल्ट: पण कार्बोरेटरला सिलिकॉनची ओ-रिंग (गळती रोखणारी गोल रिंग) असेल तर पेट्रोलियम तेलाने ती फुगते, ते बघा आधी.

घिरटी: सुटलं!! ड्रायरने पाच मिनिटांत. पण फिरवताना खरखर येतेय, बोटाला जाणवते. रविवारपुरतं चालेल ना?

जुनाखोड: नाही. त्या गंजाचे कण पिस्टन आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) ओरबाडतील. दोन्ही बेअरिंग बदला. सगळं खोलून, रबर-प्लॅस्टिक काढून नुसती क्रँककेस १५० अंशाला तापवा, ॲल्युमिनियम जास्त फुगतं, मग बेअरिंग लाकडावर आपटून निघतं. कॉस्टिकवालं क्लीनर मात्र लावू नका, ॲल्युमिनियम खातं. एबीसी इंजिन (ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेला पितळी लायनर) असेल तर ठेवताना पिस्टन खाली ठेवा, लायनर वर निमुळता असतो, तिथे पिस्टन घट्ट बसतो.

नटबोल्ट: डब्यात स्पंज होता का?

घिरटी: हो, खाली अख्खा थर. आता हात लावला तर ओलसर लागतोय. काढून टाकतो. रविवार गेला पण... बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला आहे, पुसून वाचतो आणि मागवतो.